तिसरा ठोका

"वृंदा मॅम, ही माणसं टाळ्या का वाजवत नाहीत?"

निहाल पारेखने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. पडद्यावर आदल्या संध्याकाळची मॅच होती. आमच्या पुणे ब्लेझर्सने गोल केला होता, भोंगे वाजत होते, अख्खा स्टँड उड्या मारत होता आणि त्याच्या बरोबर मधोमध चार रांगा म्हातारी माणसं हाताची घडी घालून बसली होती. पेन्शनच्या दिवशी बँकेत बसतात तशी.

"गोल आपण केलाय," निहाल म्हणाला. "समोरच्यांनी केला असता तर मी समजू शकलो असतो."

"वयस्कर आहेत ना, सर. थंडी असते संध्याकाळची."

"मॅम, हे काश्मीर नाही. पुढच्या गोललाही तसेच बसलेत. मागच्या मॅचलाही तसेच. आता तर कॅमेरावाले मुद्दाम त्यांच्यावर कॅमेरा नेतात. समालोचक विचारतो, खडकीत कुणी वारलंय का? मला जाहिरातदारांचे फोन येतायत. कोण आहेत हे?"

मी उगीच चष्मा पुसला. कोण आहेत ते मला चांगलं ठाऊक होतं. पहिल्या रांगेत कडेला माकडटोपी घालून बसलेले गृहस्थ माझे सासरे होते. मीच मिळवून दिलेल्या पासवर आले होते आणि निघताना माझ्याच हातचा चहा पिऊन निघाले होते.

या गोष्टीला दहा-अकरा वर्षं झाली. हॉकीची ती लीग तेव्हा नवीन होती. खडकीच्या आमच्या जुन्या मुरुमाच्या मैदानावर निळं टर्फ अंथरलं गेलं होतं, रंगीत खुर्च्या बसल्या होत्या, आणि मुलांचे डबे आणि क्लास यांत निम्मं आयुष्य गेल्यावर मला तिथे मैदानाची व्यवस्थापक म्हणून नोकरी लागली होती. गळ्यात ओळखपत्र घालून मी पहिल्यांदा त्या फाटकातून आत गेले तेव्हा मला रडू येईल असं वाटलं होतं. करार एकाच मोसमाचा होता. पुढचं सगळं निहालच्या मर्जीवर.

"मॅम, तुम्ही इथल्याच ना," निहाल म्हणाला. "हे मिटवा. शेवटच्या घरच्या मॅचच्या आत. मग आपण पुढच्या सीझनचं बोलू."

म्हणजे माझी नोकरी आता माझ्या सासऱ्यांच्या दोन तळहातांवर होती.

---

"मामा, टाळ्या का नाही वाजवल्या?"

मामा ओट्याजवळच्या स्टुलावर बसून शेंगा सोलत होते. मामा म्हणजे माझे सासरे सोपानराव तापकीर, दारूगोळा फॅक्टरीतले निवृत्त फिटर आणि एके काळचे फॅक्टरी टीमचे सेंटर फॉरवर्ड. तेव्हा खडकीत दोनच पक्ष होते, फॅक्टरी आणि बाजार. काँग्रेस-जनसंघ वगैरे बाकीचं सगळं त्यानंतर यायचं.

"कुणासाठी वाजवायच्या?" मामा म्हणाले.

"आपल्या टीमसाठी."

"आपली? त्यात खडकीचा एक तरी गडी हाय का? लिलावात घेतलेली पोरं. पुढच्या साली रांचीला जातील नायतर लखनौला."

"खेळतात तर छान."

"खेळतात की. मी कुठं नाय म्हणलं? त्या ऑस्ट्रेलियाच्या पोराचं मनगट बघितलंस का? लोणी हाय, लोणी." शेंगेचं टरफल त्यांनी ताटलीत टाकलं आणि आवाज चढवला. "पण बाकी काय चाललंय ते? मॅचच्या आधी मैदानाला पाणी मारतात. हॉकी खेळतात का भात लावतात? मॅचचे चार तुकडे केलेत. गड्याला जरा कुठं लय सापडली की वाजवली शिट्टी, चला, जाहिरात बघा. गोल झाला की भोंगा. गोल झालेला आम्हाला दिसत नाय का?"

"मग जाता कशाला?"

मामांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी भाजीत मीठ घालायचं विसरले होते.

"हॉकी हाय म्हणून जातो," ते म्हणाले.

आता या माणसाशी काय वाद घालायचा? एक मॅच चुकवत नाहीत, खेळणाऱ्या प्रत्येक परदेशी पोराचं नाव पाठ, आणि तोंडाने सतत फिर्याद. माझा नवरा महेंद्र चाकणला कंपनीत होता आणि बाप-बायकोच्या भांडणात पडायचं नाही हे व्रत त्याने लग्नाच्या दिवसापासून पाळलं होतं. तो बाहेरच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून बसला होता, आणि पेपर होता कालचा.

"तुम्हाला हवंय तरी काय, मामा? स्पष्ट सांगा. मी साहेबांना सांगते."

"बुली," मामा म्हणाले.

मला वाटलं, काहीतरी खायचं मागतायत. मग त्यांनी उठून दाराआडची त्यांची जुनी स्टिक आणली, महेंद्रला पेपरासकट उठवलं, त्याच्या हातात केरसुणी दिली आणि स्वयंपाकघराच्या मधोमध एक कांदा ठेवला.

"हा चेंडू. मॅच सुरू व्हायची ती अशी. दोन्हीकडचे सेंटर फॉरवर्ड समोरासमोर. आधी स्टिक जमिनीला, मग एकमेकांच्या स्टिकला. एक. परत जमीन, परत स्टिक. दोन. परत. तीन. आणि तिसरा ठोका पडला की ज्याच्या मनगटात दम त्याचा चेंडू." कांदा फ्रिजखाली गेला. महेंद्र केरसुणी घेऊन तसाच उभा राहिला. "आता काय करतात? नाणं उडवतात. जिंकला त्याला चेंडू फुकट. अगं, पहिलाच चेंडू ज्याला फुकट मिळाला तो पुढं काय झगडणार? बुलीत समोरच्याच्या डोळ्यात बघावं लागतं. त्याच्या स्टिकला स्टिक लावावी लागते. मग भांडायचं."

"अहो पण तो नियम जाऊन पस्तीस वर्षं झाली असतील."

"नियमानं मॅच सुरू करा की. त्याच्या आधी एकदा होऊ दे. ह्या मैदानाची रीत हाय ती. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, बुली नाय तर टाळी नाय."

"आणि माझी नोकरी?"

मामा खाली वाकून फ्रिजखालचा कांदा काढत होते. तिथूनच म्हणाले, "तुला कोण काढतंय? तू चांगलं काम करतीस."

---

निहालला मी बुली समजावून सांगितली तेव्हा तो खुर्चीतून उठलाच.

"मॅम! हे सोनं आहे. हेरिटेज! आधी का नाही सांगितलं?"

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! घरी जाताना मी मामांसाठी पावशेर जिलबी घेतली. ती जिलबी दुसऱ्या दिवशी माझ्या घशात अडकली, कारण तोपर्यंत निहालच्या लोकांनी कार्यक्रम ठरवला होता. मैदानाच्या मध्यावर धूर सोडायचा. धुरातून एक मराठी नट घोड्यावरून येणार. घोडा टर्फवर चालणार नाही असं मी म्हटलं तेव्हा घोड्याऐवजी रथ आला. नटाच्या समोर मोबाईल कंपनीचे मोठे साहेब. दोघं स्टिकला स्टिक लावणार, एकदाच, कारण तीनदा म्हणजे टीव्हीवर फार लांबतं. आणि पाठीमागे मोठ्या अक्षरांत कंपनीच्या नावासकट "प्रस्तुत बुली".

मामांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. त्यांची ती शांतता मला लग्नापासून माहीत होती.

"सूनबाई," ते म्हणाले. एरवी मी वृंदा असायचे. "तुमच्या साहेबांना सांगा, आम्ही आता मॅचला पाठ करून बसणार."

"अहो, तुम्हीच मागितलीत ना बुली!"

"आम्ही बुली मागितली. वरात मागितली नव्हती."

पुढचे कितीतरी दिवस मी या दोघांच्या मध्ये भरडले गेले. निहाल म्हणे, रथ काढतो पण धूर राहू दे. मामा म्हणत, धूर काय होळीला करा. निहाल म्हणे, नट तरी असू दे, त्याला पैसे दिलेत. मामा विचारत, त्याने आयुष्यात स्टिक धरलीय का? मी नटाला विचारून घेतलं. त्याने शाळेत क्रिकेट खेळल्याचं सांगितलं. हे मी मामांना सांगितलंच नाही. तीन ठोक्यांवर तर मामा अडूनच बसले. तिथे तसूभरही हलेनात.

"एकाने काय बिघडतं हो?" मी शेवटी ओरडले. हातात लाटणं होतं. "एक काय, दोन काय आणि तीन काय! चेंडू तोच, स्टिका त्याच!"

"दोन आणि तीनमध्ये लय फरक असतो," मामा म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम वेगळाच झाला होता, म्हणून मी लाटणं खाली ठेवलं.

शेवटी निहाल थकला. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे नटाला दुसरीकडे शूटिंग लागलं. ठरलं ते असं. शेवटची घरची मॅच. धूर नाही, संगीत नाही. जुन्या काळचे दोन खेळाडू, तीन ठोके. टीव्हीवर जाहिराती चालू असताना उरकायचं आणि जाहिराती संपताना दोघांनी हात हलवत बाहेर पडायचं. "मॅम, प्रक्षेपण परत सुरू होईल तेव्हा मला मध्यावर फक्त पंच आणि खेळाडू दिसले पाहिजेत," निहाल म्हणाला. "ही सगळी तुमची जबाबदारी." पुढच्या मोसमाचं त्याने काही काढलं नाही, आणि काढायची गरजही नव्हती.

फॅक्टरीकडून मामा हे उघडच होतं. "आणि समोर कोण?" मी विचारलं.

"मुनुस्वामी."

"अण्णांचे गुडघे गेलेत ना? दुसरं कुणी बघूया की."

"मुनुस्वामी नसेल तर मी नाय," मामा म्हणाले आणि रविवारची मटणाची पिशवी घेऊन बाहेर पडले.

---

मुनुस्वामी अण्णांचं सायकलचं दुकान खडकी बाजारात होतं. आता ते त्यांचा मुलगा सेल्वम चालवायचा आणि अण्णा मागच्या खोलीत खिडकीशी बसलेले असायचे. आजोबा-पणजोबांपासून खडकीत, त्यामुळे मराठी आमच्याइतकीच, वर तमिळ, हिंदी आणि छावणीतल्या शिव्या. मी गेले तेव्हा पाय स्टुलावर ठेवून ते टीव्हीवर जुनीच मॅच बघत होते.

मी सगळं सांगितलं. अण्णा ऐकता ऐकता हसायला लागले, इतके की सेल्वम पाणी घेऊन आला.

"तो म्हातारा अजून तेच धरून बसलाय होय?"

"काय धरून बसलेत?"

"तुला सांगितलं नाय त्यानं? एवढी चार रांगा माणसं हाताची घडी घालून बसवली आणि घरच्या सुनेला सांगितलं नाय?" अण्णांनी डोळे पुसले. "अगं, ह्या मैदानावरची शेवटची बुली आमची दोघांची. बाजार कपची फायनल. पुढच्या वर्षी नियमच गेला. बरोबरी झाली होती, मॅच संपत आली होती. गोल झाला की तेव्हा परत बुलीनंच सुरुवात व्हायची, तशी ती लागली. मी चेंडू घेतला, पळालो आणि गोल मारला. बाजार जिंकला. मागं बघतो तर सोप्या तिथंच उभा, स्टिक वर धरून. म्हणतो, दोनच ठोके झाले, तिसरा झालाच नाय!"

"मग पंच?"

"पंच घड्याळात बघत होता."

"अण्णा, म्हणजे हे सगळं... बुली, परंपरा, मैदानाची रीत..."

"रीत हायच की. पण त्याला तिसरा ठोका पायजे. दर रविवारी इथं येऊन त्याच्यावरूनच भांडतो."

मी तिथल्या लोखंडी खुर्चीवर बसले. माझ्या डोळ्यांसमोर एकेक रविवार उभा राहिला. सासूबाई गेल्यापासून दर रविवारी मामा मटण आणायला म्हणून बाजारात जायचे आणि जेवायची वेळ टळून गेली की लालबुंद होऊन परत यायचे. आम्हाला वाटायचं, खाटीक फसवतो. इतक्या वर्षांत किती वेळा मी थंड भाकऱ्या तव्यावर परत टाकल्या असतील! एका ठोक्यासाठी! माझी नोकरी, निहालचे फोन, तो रथ, सगळं एका न पडलेल्या ठोक्यासाठी!

"आणि खरं काय, अण्णा? दोन झाले होते का तीन?"

"तीन!" अण्णा छातीवर हात ठेवून म्हणाले. "मी काय चोर हाय?"

"मग आता येऊन तीन ठोके मारा आणि मोकळे व्हा दोघंही. तीन. नीट मोजून. येणार ना?"

"येतो की."

"तीन मारणार ना? शब्द द्या."

"मैदानावरचं आधी कसं सांगणार?" अण्णांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मी त्या उत्तराकडे लक्ष द्यायला हवं होतं. पण मला परत जाऊन पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडायचं होतं.

---

त्या संध्याकाळी स्टँड शिगोशीग भरला होता. मधल्या रांगा चारच्या सहा झाल्या होत्या. फॅक्टरीवाले डावीकडे, बाजारवाले उजवीकडे, बाकी सगळं विसरून जुन्या हद्दी बरोबर आखून बसले होते. मामांनी पांढरा सदरा घातला होता आणि त्यावर फॅक्टरीची जुनी जांभळी जर्सी. ती पोटावर बसत नव्हती. अण्णा सेल्वमच्या खांद्याला धरून आले. त्यांच्या हातात लांब आकड्याची जुनी तुतीची स्टिक होती, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली.

जाहिराती सुरू झाल्याचा इशारा आला. "जा, जा!" मी म्हणाले. पण ती दोघं मध्यापर्यंत आपल्या चालीने गेली. पंचाने चेंडू ठेवला. मी रेषेबाहेर उभी होते, कानात निहालचा आवाज चालू होता. मॅम, लवकर. मॅम, वेळ.

मामा आणि अण्णा समोरासमोर वाकले. मैदान एकदम गप्प झालं. त्या मोसमात पहिल्यांदाच भोंगेसुद्धा गप्प होते.

जमीन. स्टिक. टक् असा कोरडा आवाज आला, लाकडावर लाकडाचा.

जमीन. स्टिक.

मामांनी तिसऱ्यासाठी स्टिक जमिनीला लावली, आणि अण्णांनी चेंडू उचलला! मनगटाचा एक झटका, आणि चेंडू मामांच्या पायांजवळून मागे. ज्यांना चालायला मुलाचा खांदा लागत होता ते अण्णा त्या चेंडूमागे चार पावलं चक्क धावले.

मग मामांनी स्टिक आभाळाकडे धरली आणि असे ओरडले की कानातला निहाल मला ऐकू येईना.

"दोन! बघितलं का सगळ्यांनी? दोनच! दोनच!"

आणि त्या सहा रांगा उठल्या. हाताच्या घड्या सुटल्या. फॅक्टरीवाले "दोन, दोन!" ओरडत टाळ्या वाजवत होते, बाजारवाले "तीन, तीन!" म्हणून त्यांच्यावर कडी करत होते, आणि मधोमध कुणीतरी कुणाची माकडटोपी ओढली. बाकी प्रेक्षकांना काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण तेही पेटले. प्रक्षेपण परत सुरू झालं तेव्हा देशभर दिसलं ते असं, की मैदानाच्या मध्यावर एक म्हातारा पंचाला बोटं दाखवून काही समजावतोय, दुसरा चेंडू पायाखाली घेऊन उभा आहे, आणि एक बाई गळ्यातलं ओळखपत्र उडवत दोघांच्या दिशेने पळत येतेय. ती मी.

"मॅम!" कानात निहाल किंचाळला. "त्यांना हटवा! मॅम!"

मामांना मी दंडाला धरून बाहेर काढलं. मला वाटलं होतं, हे आता संतापाने थरथरत असतील. तर ते हसत होते. सासूबाईंच्या पश्चात मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "पस्तीस वर्षं म्हणतोय मी," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "टीव्हीवर आलं ना? रेकॉर्डिंग असेल ना?"

---

मॅच आम्ही हरलो. मला त्याची काही फिकीर उरली नव्हती. अण्णा पॅव्हेलियनमागच्या बाकावर एकटे बसले होते, सेल्वम रिक्षा आणायला गेला होता. मी तरातरा गेले.

"अण्णा, तीन ठरले होते ना? मी तुमच्या घरी येऊन सांगितलं होतं. माझी नोकरी होती यात!"

"बस, बस. चिडू नको."

"चिडू नको? त्या वेळेलाही दोनच झाले होते ना? खरं सांगा."

अण्णांनी स्टिकच्या मुठीवरची रबराची पट्टी अंगठ्याने सारखी केली. "त्या वेळेला घाई झाली. तरुण होतो, समोर गोल दिसत होता."

"आणि आज?"

"आज मुद्दाम."

मी बाकावर त्यांच्या शेजारी बसले.

"हे बघ," अण्णा म्हणाले. "तीन झाले असते तर काय झालं असतं? चेंडू कुणाला तरी मिळाला असता. त्याला नायतर मला. हात मिळवले असते, फोटो काढला असता, संपलं. मग रविवारी तो कशाला येणार माझ्याकडं? आमच्या टीममधले किती गेले बघ. माझ्या दारात आता कोण येतं? पेपरवाला आणि सोप्या." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "त्याच्यासाठी म्हणून एक ठोका ठेवलाय मी. तू सांगू नको त्याला."

सेल्वमने रिक्षा आणली. अण्णा उठायला लागले तेव्हा मी त्यांना हात दिला. रागावलेली तर मी होतेच, पण त्यांची स्टिक मीच जपून रिक्षात ठेवली आणि त्याचा मला आणखी राग आला.

निहालने मला त्या दिवशी काढलं नाही. उलट ते चित्रण सगळीकडे फिरलं, जाहिरातदार खूश झाले, आणि त्याने पुढच्या मोसमाचा करार माझ्या हातात ठेवला. "प्रत्येक मॅचला दोन म्हातारे, मॅम," तो म्हणाला. पण पुढचा मोसम आलाच नाही. लीगच बंद पडली. पुणे ब्लेझर्सचे झेंडे आमच्या माळ्यावर बरीच वर्षं होते, नंतर मी त्यांची पायपुसणी केली.

रविवार मात्र चालू राहिले. मामा पिशवी घेऊन जायचे, उशिरा लाल होऊन यायचे, आणि आता त्यांच्याकडे पुरावा होता. महेंद्रने ते चित्रण त्यांच्या फोनवर घालून दिलं होतं. अण्णा म्हणायचे, फोनमधलं काय खरं असतं? मी भाकऱ्या परत तव्यावर टाकायचे आणि काही बोलायचे नाही. अण्णांचं सांगणं मी मामांना कधीच सांगितलं नाही.

गेल्या वर्षी अण्णा गेले. निरोप आला तेव्हा मामा शेंगा सोलत होते. त्यांनी ताटली बाजूला ठेवली, दाराआडची स्टिक घेतली आणि तिची काठी करून निघाले. मी बरोबर गेले.

दुकानासमोर अण्णांना ठेवलं होतं. सेल्वमने त्यांची तुतीची स्टिक त्यांच्या अंगावर ठेवली होती. फॅक्टरीवाले, बाजारवाले जे उरले होते ते भिंतीला टेकून उभे होते. मामा पुढे झाले. उभ्या उभ्या त्यांनी आपली स्टिक जमिनीला लावली आणि वाकून अण्णांच्या स्टिकला हळूच लावली. टक्. पुन्हा जमीन. पुन्हा स्टिक. टक्.

मग त्यांनी स्टिक तिसऱ्यांदा जमिनीला टेकवली. सगळे वाट बघत राहिले. मीही.

मामांनी स्टिक उचलून काखेत घेतली.

"राहू दे," ते म्हणाले. "चला."